औषधशाळा जनतेच्या मालकीची हवी

तंजावूरच्या राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. तेथील संस्कृत, तामिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखितांत वैद्यकाच्या पोथ्यांचा मोठा साठा आहे. दुसरे सरफोजी राजे (१७७७-१८३२) यांनी धन्वंतरी महाल नावाची जी संस्था चालविली, तिच्या कार्याचा ठेवा याच ग्रंथालयात राहिला आहे. त्या संस्थेत देशी वैद्य आणि पाश्चात्त्य वैद्यक जाणणारे चिकित्सक यांना एकत्र आणण्यात आले. औषधे तयार करावयाची, रुग्णांवर त्यांचा गुण येतो की नाही हे पाहावयाचे आणि गुणकारी ठरलेल्या कृती लिहून ठेवावयाच्या, असा तिचा क्रम होता. नेत्ररोग्यांच्या नोंदी तर डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह ठेवलेल्या आहेत. शरभेंद्र वैद्य या नावाने यांतील पुष्कळ कृती ग्रंथालयाने पुढे तामिळमध्ये छापून प्रसिद्ध केल्या.

राजेशाहीचे गोडवे गाण्याचे आम्हांला कारण नाही. १७९९ च्या तहान्वये राज्यकारभार कंपनी सरकारच्या हाती गेला आणि महसुलाचा पाचवा हिस्सा राजाच्या खर्चासाठी राहिला. धन्वंतरी महालाचा खर्च कावेरीच्या खोऱ्यात भात पिकविणाऱ्या रयतेच्या घामातून निघत होता, हे विसरता येत नाही. परंतु त्या संस्थेच्या शेवटात आजच्यासाठी एक धडा आहे. १८५५ मध्ये दुसऱ्या शिवाजी राजांचा मृत्यू झाला, वारस नाही या सबबीखाली कंपनीने तंजावूर खालसा केले आणि राजाश्रयावर उभ्या असलेल्या संस्थांचा आधारच गेला. औषधांच्या कृती पोथ्यांत उरल्या. औषध करणारी, ते तपासणारी आणि रुग्णाच्या हाती देणारी यंत्रणा उरली नाही. ज्ञान कागदावर शिल्लक राहते, पण त्याचे औषध करणारी संस्था मोडली की रुग्णाला त्या ज्ञानाचा काडीइतका उपयोग होत नाही.

आज हा प्रश्न रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांच्या आणि तरुणांच्या बाबतीत जीवनमरणाचा झालेला आहे. या रोगाच्या उपचारात शरीरात खोलवर शिरणाऱ्या बुरशीचा संसर्ग हा सर्वांत घातक अडथळ्यांपैकी एक आहे. त्याच्यावर औषधे आहेत. त्यांतील काहींच्या निर्मितीत आपल्या देशातील, किंबहुना महाराष्ट्रातील, सार्वजनिक संस्थांचा वाटा आहे. तरीही गरिबाच्या मुलाला ती वेळेवर मिळतील याची हमी नाही. असे का होते, याचा विचार प्रत्येक पक्षसभासदाने करावयास हवा.

मुलांच्या ल्युकेमियावरील औषधोपचाराचा इतिहास आपल्याला परका नाही. १९४८ मध्ये अमेरिकेत सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन हे औषध देऊन ल्युकेमियाग्रस्त मुलांचा आजार काही काळ मागे हटविला. ते औषध ज्या संशोधकगटाने बनविले, त्याचे प्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव. हे मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. खादी घालून शस्त्रक्रियागृहात जाण्याबद्दल इंग्रज प्राध्यापकाचा रोष त्यांनी ओढवून घेतला आणि त्यापायी पूर्ण पदवीऐवजी दुय्यम पदविकेवर त्यांची बोळवण झाली. आपल्या अंगणातील सदाफुलीपासून निघणारे व्हिन्क्रिस्टीन पुढे या उपचाराचा कणा बनले. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, चेन्नईची अड्यार येथील कर्करोग संस्था आणि दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांनी १९८० च्या दशकापासून एकच उपचारक्रम राबवून दाखवून दिले, की आपल्या परिस्थितीतही या मुलांना मोठ्या संख्येने वाचविता येते. संपन्न देशांत तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया झालेल्या मुलांपैकी सुमारे नव्वद टक्के आज बरी होतात. आपल्याकडे हे प्रमाण कमी राहते. त्याच्या प्रमुख कारणांत उपचार अर्धवट सोडावा लागणे हे एक आणि उपचार चालू असताना होणारा संसर्ग हे दुसरे. दोन्हींच्या मुळाशी दारिद्र्य आहे.

हा संसर्ग होतो कसा? कर्करोगाच्या पेशी मारणारी औषधे अस्थिमज्जेतील निरोगी पेशींनाही मारतात. जंतू आणि बुरशी यांच्याशी पहिली झुंज देणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये हजारोंनी असतात. उपचारानंतर त्या पाचशेच्या खाली, कधी जवळजवळ शून्यावर येतात. ही अवस्था दहा दिवसांहून अधिक टिकली आणि त्यात स्टिरॉइडची भर पडली, की बुरशीला मोकळे रान मिळते. तीव्र मायलॉइड ल्युकेमियात किंवा रोग उलटल्यावर द्याव्या लागणाऱ्या जहाल उपचारात हा धोका अधिक. अस्परजिलस या बुरशीचे बीजकण हवेत सर्वत्र असतात. आपण सर्व जण ते रोज श्वासावाटे आत घेतो आणि आपले काही बिघडत नाही. परंतु या मुलांच्या फुप्फुसात ते रुजतात आणि रक्तवाहिन्या भेदून पसरतात. कँडिडा आतड्यातून किंवा शिरेत बसविलेल्या नळीवाटे रक्तात उतरते. म्युकर नाक, डोळा आणि मेंदूकडे सरकते. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत काळी बुरशी म्हणून घराघरांत माहीत झाली ती हीच. कर्करोगाच्या वॉर्डाला तिची ओळख त्याच्या कितीतरी आधीपासून होती.

या आजाराशी झुंजताना दिवस मोजून काम करावे लागते. न्यूट्रोफिल घटलेल्या मुलाला ताप आला, की तासाभरात प्रतिजैविक सुरू व्हावयास हवे. चार दिवसांत ताप उतरला नाही तर बुरशीचा संशय घेऊन छातीचा सी. टी. स्कॅन आणि रक्तातील गॅलॅक्टोमॅननची तपासणी करावयाची असते. पुष्कळदा निदान पक्के होण्याची वाट न पाहता बुरशीविरोधी औषध सुरू करावे लागते. कँडिडासाठी एकायनोकँडिन गटातील औषधे, अस्परजिलससाठी व्होरिकोनॅझोल, म्युकरसाठी लायपोसोमल अँफोटेरिसिन बी आणि त्याच्या जोडीला शस्त्रक्रिया, असा सर्वसाधारण क्रम आहे. व्होरिकोनॅझोल म्युकरवर चालत नाही. तसेच व्हिन्क्रिस्टीन चालू असताना ते दिले तर व्हिन्क्रिस्टीन शरीरात साठून मज्जातंतूंना इजा होते. लहान मुलांच्या शरीरातून व्होरिकोनॅझोल लवकर निघून जाते, म्हणून रक्तातील त्याचे प्रमाण मोजून मात्रा ठरवावी लागते. थोडक्यात, नुसती कुपी असून भागत नाही. तपासणीची प्रयोगशाळा हवी, जाणकार डॉक्टर हवा आणि रात्रपाळीला पुरेशा परिचारिका हव्यात.

अँफोटेरिसिनची गोष्ट वेगळी नोंदविण्यासारखी आहे. व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीच्या परिसरातील मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून हे औषध १९५० च्या दशकात मिळाले. त्याचा जुना प्रकार स्वस्त आहे, परंतु त्याने हुडहुडी भरते, रक्तातील पोटॅशियम घसरते आणि मूत्रपिंडे दुखावतात. तो सलाइनमध्ये मिसळून चालत नाही, कारण त्याचा साका होतो. ग्लुकोजच्या द्रावणातून कित्येक तास थेंबथेंब द्यावा लागतो. तेच औषध स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म गोळ्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये, भरून दिले तर मूत्रपिंडांचा त्रास पुष्कळ कमी होतो आणि मोठी मात्रा देता येते. पण किंमत अनेक पटींनी वाढते. वीस किलो वजनाच्या मुलाला किलोमागे पाच मिलिग्रॅम या हिशेबाने रोज शंभर मिलिग्रॅम लागते. पन्नास मिलिग्रॅमच्या दोन कुप्या रोज, म्हणजे चौदा दिवसांत अठ्ठावीस. एका कुपीला तीन हजार रुपये धरले तरी चौदा दिवसांचे चौऱ्याऐंशी हजार होतात, आणि उपचार चौदा दिवसांत संपतोच असे नाही. शेतमजुराने किंवा गिरणीतून बाहेर फेकल्या गेलेल्या कामगाराने ही रक्कम कोठून आणावयाची? तो जुना प्रकार पत्करतो आणि मुलाची मूत्रपिंडे पणाला लावतो, नाहीतर दागिना, गुरे आणि जमीन विकतो. दोन्ही अशक्य झाले म्हणजे मुलाला घेऊन गावी परत जातो.

हे औषध मुळातच इतके महाग आहे काय? लायपोसोमल प्रकार विकणाऱ्या अमेरिकेतील गिलियड कंपनीने २०१८ मध्ये ११६ देशांत क्रिप्टोकोकल मेंदूज्वराच्या रुग्णांसाठी ते १६.२५ डॉलरला एक कुपी या दराने देण्याचे जाहीर केले आणि या दरात उत्पादनाचा व पोहोचविण्याचा खर्च भागतो असे स्वतःच सांगितले. म्हणजे खर्च किती आणि नफा किती, हे उत्पादकाच्याच तोंडून उघड झाले. सवलत मात्र एका आजारापुरती ठेवण्यात आली. बुरशी तीच नसली तरी औषध तेच आहे. ल्युकेमियाच्या मुलाने ते बाजारभावाने घ्यावे, याला वैद्यकशास्त्रात कोणताही आधार नाही.

आपल्या देशाने या बाबतीत काय करून दाखविले आहे, ते आता पाहू. परळचे के. ई. एम. रुग्णालय १९२६ पासून मुंबई महानगरपालिका चालविते. तेथे शिकविणारे डॉक्टर भारतीयच असावेत, ही अट देणगी देणाऱ्यांनी ब्रिटिश अमदानीत घातली होती. गिरणगावातील कामगारांच्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्या रुग्णालयाची पायरी चढली, त्याच रुग्णालयाच्या आणि सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या औषधशास्त्र विभागात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली विद्यापीठातील प्रा. बी. के. बच्छावत यांच्या गटाबरोबर लायपोसोमल अँफोटेरिसिनचा देशी प्रकार घडविला आणि रुग्णांवर तपासला. परदेशी औषधाहून स्वस्त असा हा प्रकार पुढे खासगी उद्योगाच्या हाती सोपविण्यात येऊन फंगिसोम या नावाने बाजारात आला. महापालिकेच्या पैशावर चालणाऱ्या, रुग्णांनी ओसंडून वाहणाऱ्या संस्थेत हे घडले.

पिंपरीची कहाणीही तशीच आहे. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याने देशाला पेनिसिलिन दिले. त्याच्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतील सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधले. औषधाच्या नावात कारखान्याचे नाव गुंफलेले आहे आणि तो सूक्ष्मजीव पिंपरीच्या नावाने शास्त्राला माहीत झाला. हॅमायसिन तोंडातील आणि त्वचेवरील बुरशीपुरते राहिले, खोलवरच्या संसर्गावर ते पुरे पडले नाही, हे खरे आहे. परंतु सरकारी कारखान्यातील देशी शास्त्रज्ञ जगाच्या बरोबरीने या क्षेत्रात उतरू शकतात, हे त्याने सिद्ध केले. अमेरिकेतसुद्धा नायस्टॅटिन हे बुरशीविरोधी औषध १९५० मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोन स्त्री-शास्त्रज्ञांनी शोधले. त्याचे नाव त्या राज्यावरून पडले आणि स्वामित्वशुल्काचा पैसा त्यांनी स्वतः न घेता संशोधनाला दिला. खासगी नफ्याच्या ओढीवाचून शोध लागत नाहीत, असे म्हणणाऱ्यांना यापेक्षा वेगळे उत्तर देण्याची गरज नाही.

अशा पिंपरीचे पुढे काय झाले? १९७५ मध्ये हाथी समितीने औषध उद्योगात सार्वजनिक क्षेत्राला अग्रस्थान द्यावे असे सांगितले होते. १९९१ नंतरच्या धोरणांनी त्याच्या नेमके उलट केले. आयातीचे दरवाजे सताड उघडले, पिंपरीचा कारखाना आजारी पडला आणि ज्या देशाने स्वतः पेनिसिलिन बनविले तो त्याच्या कच्च्या मालासाठी चीनकडे पाहू लागला. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सार्वजनिक औषध कंपन्यांच्या अतिरिक्त जमिनी विकून देणी भागविण्याचा, त्यांतील दोन कंपन्या बंद करण्याचा आणि हिंदुस्थान अँटिबायोटिक्स व बंगाल केमिकल्स यांची धोरणात्मक विक्री करण्याचा निर्णय घेतला. तंजावूर खालसा करताना वारस नसल्याची सबब होती, येथे तोट्याची सबब आहे. औषधशाळेवर होणारा परिणाम दोन्हीकडे सारखाच.

या धोरणाची किंमत २०२१ मध्ये देशाने मोजली. महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये म्युकरचे रुग्ण सर्वाधिक होते. अँफोटेरिसिनच्या कुपीसाठी नातेवाईक दारोदार फिरत होते आणि काळा बाजार तेजीत होता. मे महिन्यात वर्ध्यातील एका कारखान्यात घाईने उत्पादन सुरू करावे लागले. १२ जून २०२१ रोजी वस्तू व सेवा कर परिषदेने या औषधावरील कर शून्य केला, परंतु तोही ठरावीक मुदतीपुरता. औषधाचा तुटवडा पडतो तेव्हा आधीपासून त्यावर जगत असलेल्या कर्करोगाच्या मुलांकडे पाहावयास कोणालाही सवड नसते. सार्वजनिक उत्पादन आणि राखीव साठा म्हणजे नेमके काय, हे अशा वेळी कळते.

पेटंटच्या आघाडीवर जे मिळाले आहे तेही लढूनच मिळाले. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या वस्तूवर मक्तेदारी देणे बंद केले आणि त्या बळावर देशी औषध उद्योग उभा राहिला. जागतिक व्यापार संघटनेच्या दडपणाखाली २००५ मध्ये वस्तूवरील पेटंट परत आले, तेव्हा संसदेत डाव्या पक्षांच्या आग्रहाने कायद्यात संरक्षक तरतुदी कायम राखल्या गेल्या. जुन्या औषधात किरकोळ फेरफार करून नवे पेटंट घेण्यास आळा घालणारे कलम ३ (ड) त्यांपैकी होय. रक्तकर्करोगावरील इमॅटिनिब या औषधाच्या बाबतीत त्याची कसोटी लागली. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने नोव्हार्टिसच्या अर्जाला हरकत घेतली, चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने जानेवारी २००६ मध्ये तो फेटाळला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. महिन्याला लाखाच्या घरात जाणारा औषधाचा खर्च देशी उत्पादनामुळे काही हजारांवर आला. ही लढाई हरलो असतो तर किती तरुण रुग्णांना मृत्यूची वाट पाहावी लागली असती!

आणखी एका धोक्याकडे शेतकरी संघटनेतील साथींचे लक्ष वेधावयास हवे. पिकांवरील करपा आणि तांबेरा यांसाठी फवारली जाणारी काही बुरशीनाशके व्होरिकोनॅझोलच्याच कुळातील आहेत. २०१२ मध्ये दिल्लीतील संशोधकांनी भारतातील शेतांच्या आणि बागांच्या मातीत या औषधांना दाद न देणारे अस्परजिलस सापडल्याचे दाखवून दिले. औषधविक्रेत्याच्या सांगण्यावरून बेसुमार फवारणी होते, मजूर तोंडाला फडके बांधून ती करतो आणि त्याच्याच मुलाला उद्या रुग्णालयात हे औषध लागू पडत नाही, असे घडू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये घातक बुरशींची पहिली अग्रक्रम-यादी प्रसिद्ध केली. सर्वांत गंभीर गटात तिने अस्परजिलस फ्युमिगेटस आणि रुग्णालयांत पसरणारी, अनेक औषधांना न जुमानणारी कँडिडा ऑरिस यांचा समावेश केला आहे. शेत आणि रुग्णालय यांचा विचार वेगवेगळा करून या धोक्याला तोंड देता येणार नाही.

विमा योजनांमुळे हा प्रश्न सुटला, असे सांगण्यात येते. विम्याने काही कुटुंबांना दिलासा दिला आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ठरलेल्या रकमेचे पॅकेज अशा आजाराला पुरत नाही. त्याला किती दिवस लागतील हे आधी सांगता येत नाही आणि औषध अचानक, रात्री-अपरात्री लागते. त्या वेळी वॉर्डाच्या कपाटात कुपी असावी लागते. तामिळनाडूने १९९४ मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापून औषधांची एकत्र खरेदी आणि जिल्हावार गोदामे यांची जी पद्धत बसविली, तिचा धडा साऱ्या देशाने घ्यावा असा आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण निर्माण केले. प्राधिकरणाचा फलक लावल्याने कपाटे भरत नाहीत. निधी, गोदामे आणि कायम नोकरवर्ग दिल्यानेच ती भरतील.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. ज्या ज्या सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयात ल्युकेमियाचा उपचार होतो, तेथे लायपोसोमल अँफोटेरिसिन, व्होरिकोनॅझोल आणि एकायनोकँडिन गटातील औषध यांचा साठा कायम ठेवून ती विनामूल्य द्यावीत. प्रत्येक विभागात किमान एका वैद्यकीय महाविद्यालयात बुरशीच्या निदानाची आणि औषधाचे रक्तातील प्रमाण मोजण्याची प्रयोगशाळा असावी, म्हणजे परभणीच्या किंवा तंजावूरच्या मुलाचा नमुना महानगरात पाठवून दिवस दवडावे लागणार नाहीत. या मुलांच्या खोल्यांत शुद्ध हवेची सोय करावी आणि रुग्णालयात खोदकाम किंवा पाडकाम चालू असेल तेव्हा त्यांना धुळीपासून दूर ठेवावे. कंत्राटी परिचारिका आणि सफाई कामगार यांना कायम करावे, कारण शिरेतील नळीची आणि हातांच्या स्वच्छतेची निगा त्यांच्याच हाती असते. पिंपरीच्या विक्रीचा निर्णय रद्द करून तेथे बुरशीविरोधी औषधांचे सार्वजनिक उत्पादन सुरू करावे. सार्वजनिक पैशाने लागलेला शोध खासगी उद्योगाला देताना किमतीवर आणि सरकारी रुग्णालयांच्या पुरवठ्यावर बंधन घालणारी अट करारातच असावी.

या मागण्या डॉक्टरांच्या परिषदेपुरत्या राहता कामा नयेत. कामगार संघटनांनी, शेतमजुरांच्या आणि महिलांच्या संघटनांनी त्या आपल्या मागणीपत्रात घालावयास हव्यात. आपल्या जिल्ह्यातील रुग्णालयात या औषधांचा साठा आहे काय, तो किती दिवस पुरेल आणि गेल्या वर्षी किती मुलांचे उपचार अर्धवट राहिले, ही माहिती पक्षाच्या प्रत्येक शाखेने माहितीच्या अधिकारात मागावी आणि लोकांपुढे मांडावी.

धन्वंतरी महालातील कृती कोणा एका कुळाने गुप्त ठेवल्या नाहीत. त्या लिहिल्या गेल्या, जपल्या गेल्या आणि छापल्या गेल्या, म्हणून आज त्या सर्वांच्या आहेत. परंतु राजाच्या मर्जीवर उभी असलेली औषधशाळा राजाबरोबर गेली. परळ आणि पिंपरी जनतेच्या पैशाने उभी राहिली आहेत. त्यांचे रक्षण करणे जनतेच्याच हातात आहे, आणि ते रक्षण आज वॉर्डात तापाने फणफणलेल्या मुलाच्या चौथ्या दिवसापूर्वी पोहोचावयास हवे.